पोट पाहून काय कळते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सेवानिवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या दिवशी बाहेरून कुणी विदुषी येतात आणि आपल्याला चार नव्या गोष्टी सांगून जातात. ह्या वर्षी ठरलेल्या बाईंचे येणे ऐन वेळी रहित झाले, म्हणून चिटणीसबाईंनी मजकडे धाव घेतली. मी म्हटले, "अहो, मला भाषण येत नाही. माझा सारा जन्म बाळंतिणींच्या खोलीत गेला." त्या म्हणाल्या, "मग त्या खोलीतलेच सांगा." तेव्हा आज मी बोलणार आहे ते तिथले आहे. सभेत चार-पाच पुरुषमंडळी दिसतात. त्यांनी संकोचून उठून जाण्याचे कारण नाही. त्यांनी ऐकावे असेही ह्यात बरेच आहे.

हा विषय मला सुचला तो एका डोहाळजेवणात. गेल्या श्रावणात आमच्या इमारतीत एका घरी सुनेचे डोहाळजेवण झाले. मुलगी नोकरी करणारी, डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला जाणारी, अंगाने सडपातळ. आठवा महिना सुरू होता. तिला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसविले होते. गाणी झाली, ओटी भरली, आणि मग आपल्या बायकांच्या नित्याच्या परीक्षेला सुरुवात झाली. एक काकू म्हणाल्या, "आठवा ना? मग पोट कुठे आहे गं?" दुसऱ्या म्हणाल्या, "पुढे कसे टोकदार आहे बघा. पेढाच उचलणार ही." तिसऱ्यांना आपली भाची आठवली, तिचे म्हणे सहाव्यातच एवढे होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण थोड्या वेळाने मी पाणी प्यावयास स्वयंपाकघरात गेले, तो ती मुलगी तिथे ओट्याला टेकून उभी. मला म्हणाली, "मावशी, माझ्या बाळाचे काही कमी आहे का हो?" डोळे भरले होते. जिच्यासाठी एवढा स्वयंपाक झाला होता, तिच्या पोटात त्या दिवशी दोन घासही गेले नाहीत.

तिला त्या वेळी मी थोडक्यात सांगितले. आज विस्ताराने सांगते.

प्रथम, पोटात असते काय ते पाहू. एरवी आपले गर्भाशय म्हणजे देठ खाली करून धरलेला एक लहानसा पेरू. लांबीला तीन इंच, वजनाला साठ-सत्तर ग्रॅम. दिवस भरतात तेव्हा नुसत्या ह्या पिशवीचे वजन सुमारे एक किलो झालेले असते. तिच्यात अडीच-तीन किलोचे मूल, अर्ध्या किलोच्या आसपास वार, आणि अर्धा ते एक लिटर पाणी. ज्या दोन बायकांची मुले सारख्या वजनाची आहेत त्यांच्या पोटात हा ऐवजही जवळजवळ सारखाच असतो. तरी एकीचे पोट कलिंगडासारखे पुढे येते आणि दुसरीचे परातीसारखे पसरते. ह्याचे कारण आतल्या ऐवजात नसून बहुतेक वेळा तो ज्या घरात राहतो त्या घरात असते.

डोंबिवलीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगणे सोपे आहे. घर लहान पडले की आपण काय करतो? वरच्या मजल्यावर दुसऱ्यांचे घर, खाली तिसऱ्यांचे; तेव्हा गॅलरीला खिडक्या लावून पुढे सरकतो. ठेंगण्या बांध्याच्या बाईचे गर्भाशय नेमके तेच करते. तिच्या बरगड्या आणि कमरेचे हाड ह्यांत अंतर थोडे. पिशवीला वर चढावयास जागा नाही, म्हणून ती पुढे येते. उंच, लांब धडाच्या बाईच्या पोटात वर जागा भरपूर असते. तिची पिशवी ऐसपैस उभी राहते आणि बाहेरून सातव्या महिन्यातही फारसे दिसत नाही. अशा मुलीला लोकलमध्ये कुणी जागा देत नाही. बायकांच्या डब्यात बसलेल्या बाया तिच्या पोटाकडे बघतात, मग तोंडाकडे बघतात आणि पुन्हा मोबाईलमध्ये मान घालतात. गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यातून जाता येते. पण तिथेही पोट दिसले नाही की आधी उलटतपासणी!

दुसरी गोष्ट पोटाच्या भिंतीची. पोटावर पुढल्या बाजूला स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. पहिलटकरणीचे हे पट्टे नव्या परकराच्या नाडीसारखे घट्ट असतात. ते पिशवीला आत आवळून धरतात. एक-दोन बाळंतपणांनंतर ते सैल पडतात, मधून फाकतातही. म्हणून दुसऱ्या खेपेला पोट लवकर दिसू लागते आणि तिसऱ्या खेपेला खाली ओघळते. एका बाईंचे तिसरे बाळंतपण मला आठवते. साऱ्या आळीने तिला जुळे देऊन टाकले होते. सासूबाईंनी दोन कुंच्या शिवून ठेवल्या. आले एकच मूल, दोन किलो नऊशे ग्रॅमचे. दुसरी कुंची पुढे कुणाला गेली कोण जाणे.

शिवाय मूल आत कसे आहे त्यावरही पोटाचा आकार बदलतो. मूल आडवे असेल तर पोट रुंद दिसते. मुलाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर बेंबीखाली चपटे, खळगा पडल्यासारखे दिसते. पाठ पुढे वळली की तेच पोट गोल होते. आज टोकदार दिसणारे पोट उद्या पसरट दिसेल, कारण आतला पाहुणा रात्रीतून कूस बदलतो. आईच्या अंगावरची चरबी, कण्याचा बाक, वायू, संध्याकाळचा थकवा ह्या सर्वांचा त्यात हात असतो. सकाळी सहाला निघून रात्री आठला घरी आलेल्या बाईचे पोट सकाळपेक्षा मोठे दिसते ते पोटातल्या वायूमुळे आणि दमलेल्या स्नायूंमुळे. मूल काही चौदा तासांत वाढत नाही. नेसण्याचाही भाग असतोच. परकराची नाडी पोटाच्या वर बांधली की एक रूप, खाली बांधली की दुसरे.

आणखी एक कारण हिशेबाचे. तारखेचा घोळ मी जेवढा पाहिला तेवढा दुसऱ्या कशाचाही नाही. आपण म्हणतो, नऊ महिने नऊ दिवस. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात. आजीबाईंचा आणि डॉक्टरांचा हिशेब दोनच दिवसांनी चुकतो, हे कौतुकास्पद आहे. पण कित्येक मुली पाळी चुकली त्या दिवसापासून मोजतात, तिथे चार आठवड्यांचा फरक पडतो. मग "सातव्याच्या मानाने पोट किती मोठे!" असा गवगवा होतो, आणि खरे म्हणजे तिला आठवा लागलेला असतो. पहिल्या तीन महिन्यांत एकदा सोनोग्राफी झाली असेल तर हा वाद उरत नाही.

आजीबाईंचे नाव निघाले म्हणून सांगते, त्यांचे सगळेच चुकते असे नाही. "पोट उतरले, आता दिवस जवळ आले," हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पहिलटकरणीच्या मुलाचे डोके शेवटच्या काही आठवड्यांत खाली कमरेच्या कड्यात उतरते. श्वास मोकळा होतो, लघवीला मात्र वारंवार जावे लागते. नंतरच्या बाळंतपणांत डोके पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच उतरते.

आता पेढ्या-बर्फीकडे वळते. हा प्रश्न मला इतक्या घरांत विचारला गेला आहे की उत्तर देऊन तोंड दुखले. टोकदार पोट मुलाचे आणि पसरट पोट मुलीचे, ही समजूत आपली एकट्यांची नाही. आपल्या कल्याणच्या लेकीने, आनंदीबाई जोशी ह्यांनी, अमेरिकेत डॉक्टरकीच्या पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. १८६५ साली कल्याणला जन्मलेली ही मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली. तिचा मुलगा दहाच दिवस जगला. त्या दुःखातून तिने वैद्यक शिकावयाचे ठरविले, १८८३ साली ती समुद्रापार गेली आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली. पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, ती पुण्याला वारली. जगातले कोणतेही शास्त्र तिला निवडता आले असते, पण तिने बाळंतपण निवडले, ह्याचा विचार मी नोकरीत असताना पुष्कळदा करीत असे.

त्या जुन्या विद्येतला मोठा ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्यात उजव्या अंगाची लक्षणे मुलाची म्हणून दिली आहेत: उजव्या स्तनात आधी दूध दिसणे, उजवा डोळा मोठा भासणे, चालताना उजवा पाय आधी उचलणे. तिकडे ग्रीसमधल्या वैद्यांनीही उजवी बाजू मुलालाच देऊन ठेवली होती. एवढ्या दूरच्या दोन देशांतल्या शहाण्यांचे एकमत व्हावे, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर! अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९९९ साली एकशेचार गरोदर स्त्रियांकडून पोटाच्या आकारासह अशा खुणांवरून अंदाज घेतले, आणि बाळंतपणानंतर ते ताडून पाहिले. पोटाच्या आकाराचा मुलगा-मुलीशी काही संबंध दिसला नाही. दिसणार तरी कसा? मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्याच क्षणी बापाकडून आलेल्या बीजावर ठरते. पुरुषमंडळींनी ऐकावे म्हणून बसवून ठेवले ते ह्यासाठी.

डोहाळजेवणातला वाट्यांचा खेळ मी मोडा म्हणत नाही. पण हा खेळ कुठवर जातो ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. गर्भाचे लिंग तपासण्याला बंदी करणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली २००१ च्या शिरगणतीत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीला "पेढाच हो" असे दहा जणी दहा वेळा सांगतात, तेव्हा बर्फी निघाली तर तिच्या मनाचे काय होत असेल?

इथवर मी एवढेच सांगितले की बाहेरून दिसणारे पोट लहान-मोठे, गोल-पसरट असू शकते आणि त्यात घाबरण्यासारखे सहसा काही नसते. इथे थांबले तर तुम्ही समाधानाने घरी जाल. पण तसे केले तर मी तुम्हांला अर्धेच सांगितले असे होईल, आणि ह्या अर्ध्या ज्ञानानेच माझा घात केला होता.

१९८८ सालची गोष्ट. मी डोंबिवलीला राहत होते, नोकरीसाठी रोज गाडीने जात होते. दुसऱ्या खेपेचे दिवस होते. पोट लहान. शेजारणी म्हणत, "किती सुटसुटीत आहे हो तुमचे! पुढे टोकदार, मुलगा होणार." माझी पहिली मुलगीच असल्यामुळे हे ऐकावयास घरात सगळ्यांनाच गोड वाटे, मलाही वाटे, खोटे कशाला सांगू? हजारो बायकांच्या पोटांवर मी हात ठेवला होता, पण स्वतःच्या पोटाला टेप लावली नाही. पाय सुजत होते, त्याला मी उभ्या नोकरीचे नाव दिले. चौतिसावा आठवडा चालू असताना आमच्याकडे शिकावयास आलेली एक मुलगी म्हणाली, "सिस्टर, मला मोजण्याचा सराव करू द्या ना." मी आडवी झाले. तिने मोजले आणि म्हणाली, "एकोणतीस." मी हसले. म्हटले, "तुझी टेप वाकडी गेली, पुन्हा मोज." तिने पुन्हा मोजले, पुन्हा एकोणतीस. ती घाबरून गप्प बसली. तिला वाटले आपलेच चुकले. माझा मात्र हसण्याचा आवाज घशातच राहिला. त्याच दुपारी रक्तदाब पाहिला, तो वाढलेला होता. वारेतून मुलाला पुरेसे रक्त जात नव्हते. औषधे, सक्तीची विश्रांती, आठवड्याला तपासणी असे करीत तीन आठवडे ओढले, आणि मुलगी झाली, एक किलो सातशे ग्रॅमची. कापसात गुंडाळून, वर दिवा लावून, चमच्याने दूध पाजून तिला जगविले. माझ्या एका नात्यातल्या बाई बघावयास आल्या आणि म्हणाल्या, "पोटाने फसविले हो तुम्हांला." त्यांचा रोख मुलगी झाली ह्यावर होता. मला फसविले ते माझ्या डोळ्यांनी. ती शिकाऊ मुलगी नसती तर काय झाले असते ह्याचा विचार मी आजही रात्री करीत नाही, दिवसा करते.

म्हणून आज मी आपल्या शिवणवर्गाची ही टेप मागून आणली आहे. हिची एक बाजू इंचांची, दुसरी सेंटीमीटरची. गरोदर बाईने लघवीला जाऊन यावे, उताणे निजावे. पोटाच्या अगदी खाली, पुढे हाताला लागते ते हाड आणि पिशवीचा माथा, ह्यांतले अंतर मोजावयाचे. मोजताना सेंटीमीटरची बाजू खाली ठेवतात आणि नंतर उलटून वाचतात. नाहीतर आपल्याला हवा तो आकडा आपणच वाचतो. डोळा फार लबाड असतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास हा माथा त्या हाडाच्या जरा वर लागतो, विसाव्याच्या आसपास बेंबीपाशी येतो, छत्तिसाव्याला छातीच्या मधल्या हाडापर्यंत पोहोचतो. चोविसाव्यापासून छत्तिसाव्यापर्यंत जितके आठवडे तितके साधारण सेंटीमीटर. दोन इकडे-तिकडे चालतात. तीन किंवा त्याहून अधिक फरक पडला, अथवा दोन तपासण्यांमध्ये आकडा जागचा हललाच नाही, तर पुढे सोनोग्राफी करून पाहावयाचे.

गंमत पाहा. बाहेरून पाहिले तर ठेंगणी आणि उंच, पहिलटकरीण आणि तिसऱ्या खेपेची, ह्यांची पोटे किती निराळी! पण ही उभी उंची मोजली की फरक फार थोडा राहतो. ह्या उंचीचे जे प्रमाण आज जगभर वापरता येते ते ठरविताना आपल्या नागपूरच्या स्त्रियाही त्यात होत्या. २००९ पासून काही वर्षे जगातल्या आठ ठिकाणी निरोगी, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या गरोदर स्त्रियांची नियमित मोजमापे घेतली: ब्राझील, इटली, ओमान, इंग्लंड, अमेरिका, चीन, केनिया आणि आपले नागपूर. पोटातल्या मुलांच्या वाढीत जो एकूण फरक आढळला, त्यात देशादेशांचा म्हणून वाटा चार टक्क्यांपेक्षाही कमी निघाला. "आमच्या घराण्यात मुले लहानच होतात" हे वाक्य ज्यांच्या तोंडी असते त्यांनी हे लक्षात घ्यावे. आईबापांच्या बांध्याचा थोडा परिणाम होतो, मी नाकारीत नाही. पण आई निरोगी असेल आणि तिला पुरेसे मिळाले असेल तर नागपूरचे मूलही इतरांच्या बरोबरीने वाढते.

मिळाले नाही तर काय होते तेही मी पाहिले आहे. माझी पहिली नेमणूक जव्हारच्या बाजूला होती. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता; २०१४ च्या ऑगस्टपासून पालघरमध्ये गेला. तिथे सातव्या महिन्याची बाई डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरताना दिसे. पोट मुठीएवढे. टेप नव्हती, आम्ही बोटांनी मोजत असू. पुढे पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे पुऱ्या दिवसांच्या मुलांचे सरासरी वजन दोन किलो सातशेच्याही जरा खालीच भरले. ज्या बाया हिरव्या पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात त्यांची मुले अधिक भरली; अतिकष्टाची कामे करणाऱ्यांची मुले हलकी झाली. म्हणजे विळी-पाट आणि पाण्याचा हंडा हेसुद्धा मुलाच्या वजनात मोजले जातात.

आणि ह्याच्या उलट मी आपल्याच गावात पाहिले. शेवटच्या दोन महिन्यांत "फार खाऊ नकोस, मूल मोठे होईल, अडेल" म्हणून सुनेच्या ताटातला भात कमी करणारी घरे अजून आहेत. पोट आणि पिशवी एकाच खोलीत राहतात, जेवण जास्त झाले तर मुलाला जागा राहत नाही, अशी त्यामागे कल्पना. अहो, अन्न जठरात जाते आणि मूल गर्भाशयात असते. दोघांची दारे वेगळी. जेवण एका वेळी जात नसेल तर थोडे-थोडे पाच वेळा द्यावे, पण देऊ नये असे नाही.

मोठ्या पोटाचीही एक बाजू आहे. जुळ्यांची शंका सगळ्यांना येते, पाण्याची कुणाला येत नाही. गर्भजल जास्त झाले तर पोट एकदम ताणते, चकाकते, बाईला धाप लागते. त्यामागे कित्येकदा मधुमेह असतो, गरोदरपणातच प्रथम उद्भवलेला. शहरात बैठे काम वाढले तसा हा आजारही आम्हांला वाढताना दिसला. त्याची तपासणी सोपी आहे: पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात, साखर १४० किंवा जास्त आली तर इलाज सुरू करावयाचा. बहुतेकींचे आहार आणि चालण्यानेच भागते. "बाळसेदार पोट आहे हो" म्हणून कौतुक करून घेणाऱ्या एका सुनेची साखर मी पाहिली आहे, आणि तिच्या चार किलोच्या मुलाचे खांदे अडकले तेव्हा त्या खोलीत काय झाले तेही. मूल वाचले. एक हात मात्र कित्येक महिने लुळा होता.

टेप सर्वज्ञ नाही, हेही सांगितले पाहिजे. बाई अंगाने भरलेली असेल, गर्भाशयात गाठ असेल, मूल आडवे असेल तर ती चुकते. आणि लहान राहिलेली काही मुले तिच्या तावडीतून निसटतात. ती एवढेच म्हणते, "इथे जरा नीट पाहा." त्याचप्रमाणे मुलाची हालचाल. ती आईखेरीज कुणाला कळत नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर रोजच्यापेक्षा हालचाल मंद वाटली तर सासूबाईंच्या परवानगीसाठी, गुरुवारच्या उपवासासाठी, नवऱ्याची गाडी येण्यासाठी थांबावयाचे नाही. रात्रीचे बारा वाजलेले असले तरी निघावयाचे. हे मी जरा दरडावून सांगते आहे, क्षमा करा.

आता त्या डोहाळजेवणाच्या मुलीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिचे माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन माझ्याकडे आली. बत्तिसावा आठवडा. मी मोजले, एकतीस भरले. मागच्या तपासणीत अठ्ठाविसाव्याला सत्तावीस होते. चार आठवड्यांत चार. वजन वाढलेले, रक्तदाब ठीक, साखर ठीक. मुलगी पाच फूट सहा इंच, धड लांब, पहिली खेप. "तुझी गॅलरी अजून बाहेर काढलेली नाही, एवढेच," मी म्हटले. ती हसली, आणि माझ्या घरी दोन थालीपिठे खाऊन मग गाडीला गेली. तिला पुढे काय झाले, पेढा की बर्फी, ते मी मुद्दामच सांगत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांतून गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून विनामूल्य तपासणी होते. २०१६ पासून हा क्रम आहे. आपल्या घरी धुणेभांडी करावयास येणाऱ्या बायांपैकी कुणी गरोदर असेल तर तिला त्या दिवशी सुट्टी द्या, आणि पगार कापू नका. कार्ड बरोबर न्यावयास सांगा, आणि परत आली की त्यावर उंचीचा आकडा लिहिला आहे का ते स्वतः पाहा. लिहिला नसेल तर पुढच्या खेपेला तिने मागून घ्यावा.

सभेत दोघी-तिघी दिवसांतल्या दिसतात. ज्यांची इच्छा असेल त्यांनी चहा झाल्यावर मागच्या खोलीत यावे, चटई घातली आहे. तेवढ्यात शिवणवर्गाच्या बाईंनी टेप परत मागू नये. संध्याकाळी मी स्वतः आणून देईन.